एस्प्लनेड, कोलकाता : १९४३ चे निराश्रित

कोलकात्याच्या मैदानाच्या उत्तर टोकाचा गजबजलेला परिसर. ट्रामचे जुने ठाणे. लोकांच्या तोंडी नाव धर्मतला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात खेड्यांतून आलेली उपाशी माणसे शहराच्या ज्या पदपथांवर येऊन पडली, त्यांत चौरंगी-एस्प्लनेडचे पदपथही होते. शेतमजूर, मच्छीमार, नावाडी, हातावर पोट असलेले कारागीर अशी ही माणसे. ‘फॅन दाओ, मा’ ही त्यांची हाक. भात मागण्याची आशा सुटली होती. भात वेळल्यावर निथळणारी पेज तरी घाला, एवढेच मागणे. डबा किंवा मडके पुढे करून बायका दारोदार फिरत.

जपानी स्वारीच्या धास्तीने सरकारने १९४२ मध्ये किनारी भागांतील हजारो होड्या काढून घेतल्या होत्या. ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले, ब्रह्मदेशाचा तांदूळ तर आधीच बंद झाला होता. तरीही केवळ टंचाईने माणसे मेली असे म्हणता येत नाही. १९४३ मधले धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते, असे अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी पुढे मांडले; भाव चढले आणि मजुरी मागे पडली. त्यातच बंगाल चेंबर ऑफ कॉमर्सने सरकारच्या संमतीने धान्ययोजना आखली. युद्धसाहित्याचे कारखाने, सरकारी कचेऱ्या आणि अशाच ‘अग्रक्रमाच्या’ जागी राबणाऱ्यांना तिच्यात आधी धान्य मिळे. थोडक्यात, शहराला ज्याची गरज त्याचे पोट भरले. भात पिकवणाऱ्या मजुराचे नाव त्या यादीत नव्हते.

सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही. केला असता तर दुष्काळसंहितेनुसार मदत देणे भाग पडले असते. एस्प्लनेडलाच कचेरी असलेल्या ‘द स्टेट्समन’ या इंग्रजी दैनिकाने २२ ऑगस्ट १९४३ रोजी पदपथांवरच्या उपाशी माणसांची छायाचित्रे छापली. मजकुरावर युद्धकालीन निर्बंध होते, छायाचित्रांचा त्यांत उल्लेख नव्हता. संपादक इयान स्टीफन्स यांनी ती फट नेमकी हेरली. नंतर लंगरखाने वाढले खरे, पण ऑक्टोबरअखेर निराश्रितांना शहराबाहेर नेण्याचा वटहुकूमही निघाला. भुकेचा बंदोबस्त आणि भुकेल्यांचा बंदोबस्त यांत प्रशासनाने फारसा फरक केलेला दिसत नाही. शहरात शिधावाटप सुरू व्हायला १९४४ चा जानेवारी संपत आला.

दुष्काळाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या वुडहेड आयोगाने १९४५ मध्ये मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. सेन यांचा अंदाज ३० लाखांच्या आसपास आहे. मुंबईत या दुष्काळावर अण्णा भाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला, तर ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘धरती के लाल’ (१९४६) हा चित्रपट काढला.

स्वातंत्र्यानंतरही भुकेचा प्रश्न याच परिसरात परतला. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी स्वस्त धान्याची मागणी घेऊन मैदानातून निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठीमार केला. या आंदोलनात ८० जणांचा बळी गेला, असे आंदोलकांचे म्हणणे होते.