नागसेनवन : बरोबरीने बोलण्याची शाळा

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 च्या जूनमध्ये महाविद्यालय सुरू केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही संस्था 1945 मध्ये स्थापली होती आणि मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय 1946 पासून चालू होते. औरंगाबादेत महाविद्यालय सुरू झाले तेव्हा, हे शहर ज्यात होते ते हैदराबाद संस्थान भारतात सामील होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. निजामी अमलात उच्च शिक्षण उर्दूतून चाले, विद्यापीठ थेट हैदराबादला, आणि खेड्यापाड्यांत शाळांचीच वानवा. दलित मुलाच्या वाट्याला याहून मोठी अडचण होती. गावात कुणाशी, किती अंतरावरून आणि कोणत्या आवाजात बोलायचे, हे त्याच्या जन्मासोबतच ठरलेले असे. जोहार घालताना वाकायचे, वाड्यासमोर खाली बसायचे, विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. माणसांत वागण्याचे हे वळण मोडून नवे वळण लावणे, हे काम पदवीच्या अभ्यासक्रमात कुठेच लिहिलेले नव्हते. मराठवाड्यात ते मोठ्या प्रमाणावर झाले ते या महाविद्यालयात.

इमारतीची कोनशिला 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. पुढे आंबेडकरांनी महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव दिले आणि परिसराला ‘नागसेनवन’. ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर हाच पाली ग्रंथातला मिलिंद. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारतो. वादात भल्याभल्यांना गप्प करणारा हा राजा नागसेनाला चर्चेचे आमंत्रण देतो, तेव्हा नागसेन आधी एक अट घालतो. पंडितांसारखे बोलणार असाल तर बोलू, राजांसारखे बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या चर्चेत एक दुसऱ्याचे म्हणणे खोडतो, चूक दाखवतो, ती मान्यही होते, पण कुणी रागावत नाही. राजा मात्र आपला मुद्दा मांडतो आणि जो मान्य करणार नाही त्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंद अट स्वीकारतो. नागसेनाची रीतही बघण्यासारखी आहे. ‘मी’ म्हणजे नेमके कोण, हा अवघड प्रश्न तो राजाच्याच रथावरून सोडवतो. आपण रथातून आलात ना? मग आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? प्रत्येक प्रश्नाला राजा नाही म्हणतो आणि उत्तरापर्यंत स्वतःच्या पायांनी येतो. समोरच्याला न दुखावता, त्याच्याच अनुभवातून त्याला पटवून देण्याचा याहून चांगला धडा सापडणे कठीण.

सोसायटीच्या कामात बोलण्याला मुळापासूनच मान होता. सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरे आणि 1950 च्या जानेवारीत हिंदू कोड बिलावर आंबेडकर स्वतः तिच्यापुढे बोलले. राजकारणात येऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी त्यांनी 1956 मध्ये मुंबईत प्रशिक्षण विद्यालय काढले, त्यातही वक्तृत्वावर भर होता.

औरंगाबादेत हे शिक्षण वर्गापेक्षा वसतिगृहात जास्त झाले. निरनिराळ्या जिल्ह्यांतून, निरनिराळ्या बोली घेऊन आलेली मुले एका खोलीत राहू लागली, एका पंगतीत जेवू लागली. खोलीतले भांडण खोलीतच मिटवायचे, मेसच्या हिशेबावर सगळ्यांसमोर बोलायचे, गावाकडून मनीऑर्डर न आलेल्या मित्राला सांभाळून घ्यायचे, हे कुणी फळ्यावर लिहून शिकवत नाही. भेटल्यावर ‘जय भीम’ म्हणताना कुणाला वाकावे लागत नव्हते. ही गोष्ट वरवर लहान, पण जोहार पाहिलेल्या पिढीसाठी तिचे मोल फार मोठे होते.

प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी या मुलांना रंगमंच दिला. त्यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक 1950 च्या दशकाच्या मध्यात विद्यार्थ्यांनी केले आणि दलित रंगभूमीच्या इतिहासात त्याची नोंद आदराने होते. हजारो डोळ्यांसमोर ताठ उभे राहून मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणे, सहकलाकाराचे वाक्य पुरते ऐकून मगच आपले म्हणणे, याची सवय तालमीत लागते.

पुढच्या टप्प्यावर बोलण्याचे लेखन झाले. डॉ. म. ना. वानखडे आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे प्राध्यापक मिलिंदमध्ये होते. 1967 मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले आणि लगेच त्याचे ‘अस्मितादर्श’ झाले. पानतावणे यांनी ते त्रैमासिक दीर्घकाळ चालवले, नवख्यांच्या कच्च्या कविता छापल्या. अस्मितादर्शचे लेखक-वाचक मेळावे भरत, तिथे लिहिणारा आणि वाचणारा समोरासमोर बसून वाद घालत. टीका ऐकूनही माणूस तोडायचा नाही, ही नागसेनाची अट तिथे पुष्कळ अंशी पाळली गेली.

नागसेनवनाबाहेर मात्र ती अट कुणी स्वीकारलेली नव्हती. शहरात 1958 मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै 1978 मध्ये केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. एका बाजूने बरोबरीने बोलायला शिकून जवळजवळ तीस वर्षे झाली होती. दुसऱ्या बाजूला ते ऐकून घेण्याचे शिक्षण देणारी एकही संस्था गावोगाव उभी राहिली नव्हती, आणि हे अपयश मिलिंदचे नाही, उरलेल्या समाजाचे आहे. मोर्चे, सत्याग्रह, तुरुंगवास झाल्यावर आणि कित्येकांचे बळी गेल्यानंतर 14 जानेवारी 1994 रोजी विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे झाले.