हरवण्याची मुभा

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये रात्री दोन वाजता मी स्विचच्या एका पोर्टवर चार ओळींची सेटिंग भरत होतो. तिसऱ्या प्रायॉरिटीचा, म्हणजे स्टोरेजचा, एकही पॅकेट हरवता कामा नये, एवढाच तिचा अर्थ. पहाटेपर्यंत सर्व्हरच्या डिस्क एकेक करून दिसेनाशा झाल्या. चूक माझीच होती, ती सापडलीही. पण एक प्रश्न मागे उरला : इथरनेटकडून ‘हरवणार नाही’ हे वचन मागितले कुणी, आणि का?

कारण इथरनेटचे मूळच हरवण्यात आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या चमूने ‘अलोहानेट’ सुरू केले. अनेक यंत्रे एकाच रेडिओ लहरीवर बोलत. दोघे एकदम बोलले की दोघांचेही निरोप वाया जात. पोच आली नाही की थोडे थांबायचे, पुन्हा पाठवायचे. हीच कल्पना सुधारून घेत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ च्या टिपणात ‘इथरनेट’ हे नाव वापरले. तारेने जमेल तेवढे करावे, खात्री दोन्ही टोकांच्या यंत्रांनी घ्यावी, हा त्यामागचा विचार. इथरनेट साधे आणि स्वस्त राहिले, त्याला हा विचार बराच कारणीभूत आहे. पुढे स्विच आले, टकरी संपल्या. पण बफर भरला की पॅकेट टाकून देण्याची रीत कायम राहिली.

डिस्कचे घराणे वेगळे. तिची ‘स्कझी’ भाषा यंत्राशेजारच्या आखूड केबलवर वाढलेली. वाटेत काही हरवेल हे तिच्या गावीही नव्हते. तिच्यासाठी १९९०च्या दशकात ‘फायबर चॅनल’ आले. तिथे घेणारा आधी सांगतो, माझ्याकडे इतक्या फ्रेमची जागा आहे. देणारा त्याहून अधिक पाठवतच नाही. परिणामी डेटा सेंटरमध्ये दोन जाळी, दोन तऱ्हेची कार्डे, केबलचे दुप्पट जुडगे. हा खर्च वाचवण्यासाठी फायबर चॅनल इथरनेटवरून नेण्याचे प्रमाणक २००९ साली तयार झाले, आणि इथरनेटला आपला स्वभाव बदलावा लागला.

‘थांब’ म्हणण्याची सोय १९९७ पासून होती, पण ती सगळी तारच थांबवी. स्टोरेजसोबत ई-मेलही खोळंबे. २०११च्या ८०२.१क्यूबीबी या प्रमाणकाने तारेवरच्या आठ प्रायॉरिटींना आपापला ‘थांब’ दिला. जोडीच्या ८०२.१क्यूएझेडने गर्दीच्या वेळी कोणाला किती टक्के रुंदी, हे ठरवले. शिवाय शेजारच्या दोन पोर्टनी आपापली सेटिंग एकमेकांना कळवण्याची पद्धतही घालून दिली. तिच्यात एक छोटी खूण असते : ‘तुझे म्हणणे मी मान्य करायला तयार आहे.’ त्या रात्री माझा स्विच तिसऱ्या प्रायॉरिटीवर अडून होता, सर्व्हर चौथ्या; आणि ‘तयार’ दोघांपैकी एकही नव्हता.

हे वचन पाळण्याचीही किंमत असते. पॅकेट टाकायचे नाही म्हटले की थांबणे एका स्विचकडून मागच्या स्विचकडे पसरत जाते. २०१६ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी आपल्याच डेटा सेंटरमधला अनुभव प्रसिद्ध केला : सतत ‘थांब, थांब’ पाठवणारे एकच बिघडलेले कार्ड जाळ्याचा मोठा भाग गोठवू शकते. यावर त्यांनी स्विचमध्ये पहारेकरी बसवला. एखादा पोर्ट फार वेळ अडकला की तो तिथले वचन तेवढ्यापुरते मोडतो आणि पॅकेट टाकून देतो.

म्हणजे चार दशकांनंतर इथरनेटला हरवण्याची मुभा परत द्यावी लागली, तीही जाळे वाचवण्यासाठी. ज्या स्टोरेजसाठी हा खटाटोप झाला ते इथरनेटवर अपेक्षेइतके आलेच नाही. पण हीच आठ प्रायॉरिटींची व्यवस्था आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या संगणक-समूहांत वापरली जाते. आता पोर्टची सेटिंग भरताना मी आधी शेजारचा काय म्हणतो ते वाचतो, आणि मग पहारेकरी जागा आहे ना, ते पाहतो.