पार्क स्ट्रीटवरील स्विस भट्टी

‘पाव’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. बंगाल्यांनीही तो घेतला, परंतु तेवढ्याने समाधान न होऊन त्यांनी त्याला ‘रुटी’ जोडली आणि ‘पाउरुटी’ केली. नव्याने कलकत्त्यास आलेल्या मराठी माणसास हा शब्द ऐकून प्रथम हसू येते आणि वर्षभरात तोच त्याच्या तोंडी बसतो. पावापासून पेस्ट्रीपर्यंतचा पल्ला मात्र आमच्या घरांना इतका सोपा गेला नाही.

साहेबी भट्ट्यांची परंपरा येथे जुनी आहे. ग्रेट ईस्टर्न हॉटेलचा संस्थापक डेव्हिड विल्सन हा मूळचा बेकरीवाला. इटालियन मिठाईकार फेडेरिको पेलिती १८६९ मध्ये लॉर्ड मेयोंच्या पदरी आला. बगदादी ज्यू नाहूम यांनी १९०२ मध्ये आपला धंदा सुरू केला आणि न्यू मार्केटातील त्यांचे दुकान आजही चालू आहे. या मालिकेत १९२७ साली फ्लुरी या स्विस दांपत्याने पार्क स्ट्रीटवर चहागृह काढले. त्याचेच नाव ‘फ्लुरीज’.

मालक स्विस, पण पेस्ट्रीची विद्या मुख्यतः फ्रेंच वळणाची. गंमत अशी की, हुगळीकाठचे चंदननगर १९५० पर्यंत प्रत्यक्ष फ्रेंचांच्या ताब्यात होते आणि ते गाव प्रसिद्ध झाले ते जलभरा संदेशासाठी!

या विद्येचे मर्म आमच्या गृहिणींना समजावून सांगण्याची गरज नाही. चिरोट्यांच्या पोळ्यांवर साटा लावून, गुंडाळी करून आपण जे पापुद्रे साधतो, तेच काम तेथे लोणी करते. कणकेत थंड लोण्याचा थर गुंडाळायचा, लाटायचा, घडी घालायची, पुन्हा गार करायचे. भट्टीत वाफ धरली की थर सुटे होऊन फुलतात. चिरोटा तुपात फुलतो, हा कोरड्या आचेवर. बंगालच्या दमट उन्हाळ्यात लोणी घडीआधीच वितळू पाहते. अशा हवेत हे काम चालवायचे म्हणजे गारव्याशी रोजची झुंज होय, आणि आमच्या मते कौतुक व्हावे ते याचे. काचेच्या कपाटाचे नव्हे.

आमच्या घरांतील अडचण निराळी होती. केकमध्ये अंडे असते! मुले शाळेतून वर्गमित्रांच्या वाढदिवसांना जाऊ लागली आणि प्रश्न उंबऱ्याशी येऊन ठेपला. कोणी नेसूची वस्त्रे बदलून घरात घेतले, कोणी स्वयंपाकघराबाहेर खाण्याची मुभा दिली, तर कोणी विचारलेच नाही. काही घरांत यावरून महिनोन्‌महिने अबोला राहिला. आज हे हास्यास्पद वाटेल. परंतु परमुलुखात आपलेपण कशात राखावे, हा विचार त्यामागे होता आणि तो क्षुल्लक नव्हता.

दरम्यान, दुकानाचेही दिवस पालटले. फ्लुरींचे भागीदार ट्रिंका १९३९ मध्ये वेगळे होऊन रस्त्यापलीकडे गेले. ‘ट्रिंकाज’ १९५९ मध्ये भारतीय मालकांकडे आले आणि तेथेच १९६९ मध्ये मुंबईत वाढलेल्या उषा अय्यर, म्हणजे पुढच्या उषा उथुप, गाऊ लागल्या. फ्लुरीज १९६५ मध्ये एपीजे समूहाच्या पॉल कुटुंबाने घेतले. स्विस माणसे गेली, पाटीवरचे नाव राहिले. या शतकाच्या आरंभी दुकानाचे रूप पुन्हा बदलले. जुन्या बैठकीची सवय असलेल्यांनी नाके मुरडली, पण नाताळच्या सुमारास केकसाठी त्यांनीही रांग धरली.

निवृत्तीनंतर पुण्याला परतलेले आमचे सभासद येणाऱ्या-जाणाऱ्याला नोलेन गुडाचा संदेश आणावयास सांगतात. मग आवाज खाली आणून रम बॉलची चौकशी करतात. घरातले वडीलधारे आता तेच आहेत, तरीही आवाज खालीच येतो.