कुंपणाची बखर

इतिहास लिहिणारी मंडळी लढायांपासून सुरुवात करतात, तहांवर येतात आणि शेवटी सनावळीत गुंततात. कुंपणाकडे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक माणसाने जमीन उकरून पहिले बी टाकले, त्याच रात्री कोणीतरी येऊन ते खाल्ले असणार आणि सकाळी उठून माणसाने पहिली काटी रोवली असणार. किल्ले, कायदे, कचेऱ्या हा सगळा त्या एका काटीचा पुढे वाढलेला पसारा.

आम्हा चांदा-गडचिरोलीकडच्या लोकांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. आमच्याकडे घरामागे सांदवाडी असते, सांदवाडीमागे धुरा असतो आणि धुऱ्यामागे जंगल असते. पुण्यामुंबईच्या माणसाची परसबाग म्हणजे तुळस, कढीपत्ता आणि कुंडीतला एक रुसलेला गुलाब. आमच्या सांदवाडीत वांगी असतात, भेदरे असतात, सांभार असतो, वालाच्या शेंगांचा मांडव असतो, छपरावर चढलेला कोहळ्याचा वेल असतो आणि कोपऱ्यात रताळ्यांचा वाफा असतो. आम्ही पेरतो, निंदतो, पाणी घालतो. जेवायला मात्र मंडळी पलीकडून येतात.

या मंडळींची ओळख करून द्यायला हवी. रानडुकरीण अत्यंत कुटुंबवत्सल. ती मायलेकी, बहिणी, पोरेबाळे असा सगळा गोतावळा घेऊन पंगतीला येते आणि मुस्काटाने वाफा असा नांगरून देते की नांगरणीची मजुरी वाचते. फक्त नांगरून पेरायचे काय, हा प्रश्न उरतो. साळिंदर हा कायमचा रात्रपाळीवाला. जमिनीच्या वरचे तुमचे आणि खालचे माझे, अशी वाटणी त्याने परस्पर करून टाकली आहे. त्यामुळे रताळी आणि भुईमूग तो आपल्याच सातबाऱ्यावर धरून चालतो. साळिंदर काटे फेकून मारतो असे गावोगाव सांगतात. तो काही फेकत नाही. पाठ फिरवतो आणि उलटा धावत येतो. वानरे दिवसपाळीला असतात. ती चोरी करतात असे मी म्हणणार नाही, कारण चोराला थोडी लाज असते. राहता राहिला ससा. तो कोवळी रोपे अशी कातरतो की वाटावे, न्हावी येऊन गेला.

पण सशाबद्दल चांद्याच्या माणसाने वाईट बोलू नये. ज्या शहराला आता चंद्रपूर म्हणतात आणि जुनी माणसे अजून चांदाच म्हणतात, त्या शहराचा परकोट सशाने आखला आहे. दंतकथा अशी की पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशाह नावाचा गोंड राजा बल्लारपूरला राज्य करीत होता. अंगावरच्या खांडकांनी बिचारा बेजार झालेला. शिकारीच्या नादात फिरताना झरपट नदीकाठच्या एका डबक्यातल्या पाण्याने त्याला आराम पडला. पुढे तिथे अचलेश्वराचे देऊळ झाले. त्याच भागात राजाने एक अजब प्रकार पाहिला. त्याचा शिकारी कुत्रा जीव घेऊन पळत होता आणि मागे एक ससा लागला होता. राजाने हे घरी येऊन सांगितले. (दुसऱ्या कोणाच्या बायकोने कपाळाला हात लावून औषध विचारले असते.) राणी शहाणी होती. जिथे ससा कुत्र्याला पळवतो ती भूमी शूरांची, तिथेच शहर वसवा, असा तिने सल्ला दिला. मग ती दोघे ज्या वाटेने धावली, त्या वाटेने कोट आखला गेला.

नगररचनेचे काम सशाकडे सोपवलेले दुसरे शहर माझ्या तरी ऐकिवात नाही. कोट पुरा व्हायला पुढे कित्येक राजांच्या कारकिर्दी लागल्या. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर असे चार दरवाजे झाले आणि त्याशिवाय पाच खिडक्या झाल्या. त्यांतल्या एका खिडकीचे नाव चक्क चोर खिडकी. कुंपण कितीही भक्कम केले तरी चोराची सोय कुठेतरी राहतेच, हे ज्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले, त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या फौजेने चांद्याला वेढा दिला. त्यांना खिडकीचा रस्ता विचारण्याइतका धीर नव्हता. त्यांनी तोफा लावून भिंतीलाच खिंडार पाडले आणि आत आले. रानडुकराची पद्धतही अशीच आहे.

गोंडराजांची आणखी एक गोष्ट परंपरेने सांगतात. जो रान तोडील आणि तळे बांधील, त्याला तिथली जमीन मिळत असे. आमच्या भागातली कितीतरी गावे आणि तळी अशी झाली. गोष्ट अभिमानाची आहे, पण सांदवाडीत उभे राहून तिचा विचार केला की जरा अवघडल्यासारखे होते. आपण ज्यांना पाहुणे म्हणतो, त्यांच्या घराच्या ओसरीवर आपण रताळी लावली आहेत, असा तिचा दुसरा अर्थ निघतो.

जुन्या लोकांना हा अर्थ ठाऊक असावा, कारण त्यांचे कुंपण अगदी साधे होते. बोरीची काटी, बांबूच्या ताट्या आणि मधोमध माच. माचावर माणूस, माणसाजवळ शेकोटी, हाताशी एक फुटका डबा. याला म्हणायचे जागल. एका माचावरून हाळी गेली की दुसऱ्या माचावरून उत्तर यायचे आणि रात्र बोलत बोलत सरायची. आमच्या शेजारी राहणाऱ्या काकाजींनी उभी हयात जागलीत काढली. मी नवीन काटेरी तार आणली तेव्हा ते धुऱ्यावर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काटी नाही जागत जी गुरुजी, मानूस जागते."

इंग्रजांचे राज्य स्थिरावल्यावर कुंपणाचा प्रश्न जंगलातून कागदावर आला. १८७१ साली गुरांच्या आगळिकीचा कायदा झाला आणि गावोगाव कोंडवाडे उभे राहिले. १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात घुसलेल्या गुरांनाही तोच कायदा लावला. म्हणजे असे की आमची गाय सरकारी जंगलात चार पाने खायला गेली, तर ती कोंडवाड्यात आणि आम्ही दंड भरायला. पण त्याच जंगलातले डुक्कर आमच्या वांग्यात आले, तर त्याला कोंडायचा वाडा कोणत्याही कायद्यात नव्हता. सरकारची हद्द आम्ही ओलांडली की आगळीक आणि आमची हद्द सरकारी डुकराने ओलांडली की निसर्ग!

नाही म्हणायला, स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय राहिली. ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दारू भरायची, चिंधी ठोसायची, छर्रे घालायचे, पुन्हा ठोसायचे, टोपी बसवायची. एवढ्या अवधीत डुक्कर जेवण आटोपून, तोंड पुसून, धुऱ्यावर शतपावली करत असते. तरीही बंदुकांनी पुष्कळ रान रिकामे केले. मग १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची उरलीसुरली दारे लावली. ते योग्यच झाले. ताडोबाला १९५५ सालीच राष्ट्रीय उद्यान केले होते, १९९५ साली अंधारी अभयारण्यासह तिथे व्याघ्र प्रकल्प झाला, आणि आज आमच्या जिल्ह्यात इतके वाघ आहेत की चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या झुडपांतही ते मुक्कामाला येतात. सशाने आखलेल्या कोटाच्या आत माणसे दाटीवाटीने राहतात आणि विजेच्या कारखान्यात वाघ ऐसपैस राहतो, अशी आमच्याकडे वाटणी झाली आहे.

वाघाबरोबर डुकरेही वाढली. पिकाच्या नुकसानीबद्दल भरपाई मिळू लागली, पण भरपाईला पंचनामा लागतो आणि पंचनाम्याला पंच लागतात. शेवटी २०१५ साली राज्य सरकारने पीक खाणारी रानडुकरे आणि रोही यांना ठरावीक अटींवर, वन खात्याच्या परवानगीने मारण्याची मुभा दिली. त्यावरून २०१६ च्या जूनमध्ये दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांचे जाहीर वाजले. मनेका गांधींनी चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारल्याचा आकडा सांगून संताप व्यक्त केला. प्रकाश जावडेकर यांचे म्हणणे, शेतकऱ्यांचे नुकसान होते, राज्ये मागतात, म्हणून परवानगी देतो. चांद्याची माणसे अर्जविनंत्या करून जिथवर पोचत नाहीत, तिथवर आमची डुकरे न मागता पोचली.

हा ताप आपल्याच नशिबी आहे असे मात्र कोणी समजू नये. माझा पुतण्या अमेरिकेत असतो. त्याने हौसेने भाजी लावली आणि महिन्याभरात त्याचा फोन आला, "काकाजी, इकडं ग्राउंडहॉग नावाचा जनावर आहे, पुरा वाफा साफ केला जी त्यानं." चौकशी केली तेव्हा कळले की हा प्राणी खारीच्या कुळातला, मांजराएवढा, गुबगुबीत आणि बिळे खणण्यात तरबेज. हिवाळाभर तो झोपतो. (आमच्या डुकराला एवढी भरपगारी रजा नाही.) आणि पेन्सिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावी १८८७ सालापासून दर २ फेब्रुवारीला लोक जमून त्याला विचारतात की हिवाळा अजून किती बाकी आहे. ज्याने आपली भाजी खाल्ली त्यालाच हवामान विचारायचे, हा मनाचा मोठेपणा आमच्याकडे अजून यायचा आहे.

पण अमेरिकन माणूस कुंपण मोठे अकलेने करतो. लोखंडी जाळी नुसती उभी करत नाही, फूटभर जमिनीत पुरतो आणि तिचा खालचा हातभर भाग बाहेरच्या बाजूला काटकोनात दुमडून मातीखाली पसरतो. खणणारा प्राणी नेहमी कुंपणाला नाक लावून खणायला लागतो. तिथे पायाखालीच जाळी लागली की त्याला मागे सरून खणायची बुद्धी होत नाही. साळिंदराला ही युक्ती लागू पडते. रानडुकराला जाळीखेरीज खांबही तितकाच भक्कम हवा, नाहीतर ते जाळी अंगावर पांघरून पुढे जाते.

आमच्या गावात याहून स्वस्त उपायांचीही परंपरा आहे. कोणी न्हाव्याच्या दुकानातले केस आणून धुऱ्यावर पसरतात. हुंगत येणाऱ्या डुकराच्या नाकात ते जातात म्हणे. कोणी शेताभोवती जुनी लुगडी बांधतात. लांबून पाहिले तर वाटते, सगळ्या गावाच्या लेकी माहेरी आल्या आहेत. डुकरे चार दिवस बिचकतात, पाचव्या दिवशी पदर बाजूला सारून आत येतात.

इथवर हसण्यासारखे आहे. यापुढचा उपाय हसण्यासारखा नाही. तो म्हणजे घरातली किंवा खांबावरची वीज सरळ तारेत सोडणे. सौर कुंपणातही वीज असते, पण ते यंत्र सेकंदाला एखादा, तोही क्षणाच्या अगदी लहान अंशापुरता झटका देते. जनावर दचकते आणि पळते. खांबावरची वीज झटका देऊन सोडत नाही, धरून ठेवते. तिला डुक्कर कळत नाही, बैल कळत नाही, पहाटे शेतात निघालेला शेजारी कळत नाही आणि तार लावणारा मालकही कळत नाही. २०१७ साली ब्रह्मपुरीकडे पकडून बोरच्या जंगलात सोडलेली एक वाघीण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतातल्या असल्याच तारेवर मेली. तिने माणसे मारली होती, तिच्यासाठी बंदुका घेऊन लोक फिरत होते, हे खरे. पण असल्या तारेने तिच्याआधी आणि नंतरही पुष्कळ वाघ मेले आहेत, ज्यांनी कोणाला बोटही लावले नव्हते.

यातली गंमत, गंमत म्हणवत नाही तरी, अशी की डुकरांचा बंदोबस्त करणारा या मुलखात एकच नोकर आहे आणि तो वाघ. तो पगार मागत नाही, परवाना मागत नाही, पंचनामा करत नाही. चोराला लावलेल्या तारेत आपण पहारेकऱ्याला मारतो.

हे मी काकाजींना एकदा रंगवून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "खरं आहे जी. पन तो पहारेकरी मले बी खाते ना!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या जिल्ह्यात दरवर्षी माणसे वाघाच्या तोंडी जातात. मोहफुले वेचणारी, गुरे चारणारी, आणि पिकाच्या राखणीला गेलेलीसुद्धा. माचावर एकट्याने रात्र काढ, असे काकाजींच्या नातवाला कोणी सांगावे? जागणारा माणूस घाबरला म्हणून तार आली, एवढे समजून घेतल्याशिवाय नुसते तारेला शिव्या घालण्यात अर्थ नाही. २०१५ सालच्या जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना सौर कुंपण मिळू लागले ते म्हणून मोलाचे. पण तेही कुंपणच. त्याच्या तारेला गवत टेकले की झटका मातीत जातो, बॅटरीचे पाणी आटले की तार नुसती दोरी होते. म्हणजे गवत कापायला आणि बॅटरी पाहायला कोणीतरी हवेच. काटी काय, तार काय, कोणीच आपल्या वाटची जागल करत नाही.

यंदा आमच्या सांदवाडीला अमेरिकन पद्धतीने जाळी पुरली आहे. काकाजींचा नातू आणि मी आळीपाळीने संध्याकाळी तिच्याभोवती चक्कर मारतो, दिवस मावळायच्या आत. रताळी शाबूत आहेत. साळिंदर बाहेरून दोन ठिकाणी खणून, विचार करून परत गेलेला दिसतो. वानरांना मात्र जमिनीखालच्या कायद्याशी देणेघेणे नाही. ती काल दुपारी छपरावरून आली, कोहळ्याची फुले खाल्ली आणि जाताना वालाचा मांडव हलवून पाहून गेली. शेंगा अजून आठ दिवसांनी भरतील, हे त्यांनाही कळले असावे.