मृत्युपत्रातून उभी राहिलेली शाळा

मिशनच्या शाळांविषयी आपल्याकडे दोन ठरीव मते आहेत. एक मत सांगते, की या शाळा म्हणजे धर्मांतराचे जाळे. दुसरे सांगते, की इथल्या धर्माने ज्यांना अक्षर नाकारले त्यांना मिशनने ते दिले, म्हणून आपण ऋणी असावे. दोन्ही मते शाळेकडे देणाऱ्याच्या बाजूने पाहतात. देणाऱ्याचा हेतू चांगला की वाईट, एवढाच त्यांचा वाद. घेणाऱ्याने त्या शाळेत काय केले, शाळेची सूत्रे कधी त्याच्या हाती आली का, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो पडला पाहिजे.

हा प्रश्न पारखून घेण्यासाठी मी मुद्दाम दूरचे उदाहरण घेत आहे. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातले न्यू ऑर्लिन्स हे शहर. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या साहित्याशी आपली ओळख आता जुनी झाली. तिकडे शिकून आलेल्या प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी ती मिलिंदच्या विद्यार्थ्यांना करून दिली. पुढे १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नावही तिथूनच घेतले. पण त्या माणसांच्या प्राथमिक शाळांचा इतिहास आपण फारसा वाचलेला नाही. न्यू ऑर्लिन्स हे फ्रेंच-स्पॅनिश वळणाचे, कॅथलिक शहर. तिथे एकाच चर्चच्या छायेत दोन प्रकारच्या कॅथलिक शाळा होत्या. एक काळ्या लोकांनी स्वतः चालवलेली. बाकीच्या चर्चने चालवलेल्या. धर्मशिक्षण दोन्हीकडे एकाच श्रद्धेचे, प्रार्थनाही त्याच. तरीही त्यांतून निघालेली मूल्ये एक नव्हती. ती का नव्हती, हे या लेखात पाहायचे आहे.

पहिल्या शाळेची कथा एका निरक्षर स्त्रीपासून सुरू होते. मारी कुव्हाँ हे तिचे नाव. आफ्रिकेत जन्मलेली ही मुलगी गुलाम म्हणून आधी सेंट डॉमिंग्यूच्या बेटावर आणि नंतर न्यू ऑर्लिन्सला आली. पुढे ती मुक्त झाली. नवऱ्याबरोबर तिने थोडी मालमत्ता जमवली. १८३२ साली तिने मृत्युपत्र सांगून लिहवले. आपल्या वस्तीतल्या काळ्या अनाथ मुलांसाठी कॅथलिक शाळा निघावी आणि त्यासाठी आपली जमीन व घरे कायमची राखून ठेवावीत, अशी तिची इच्छा त्यात नोंदलेली आहे. १८३७ साली ती वारली.

त्या काळाचा कायदा लक्षात घेतला म्हणजे या मृत्युपत्राचे मोल कळते. गुलामाला लिहिणे-वाचणे शिकवणे हा लुइझियानात १८३० च्या कायद्याने तुरुंगवासाचा गुन्हा ठरला होता. काळी पण मुक्त माणसे शहरात हजारोंनी होती. गवंडी, सुतार, शिंपी, चांभार, सिगारी वळणारे असे बहुतेक सारे कारागीर. ती कर भरत. पण १८४१ पासून त्या करावर ज्या सार्वजनिक शाळा निघाल्या, त्यांत त्यांच्या मुलांना प्रवेश नव्हता. कर सर्वांचा आणि शाळा काहींची, हा हिशेब आपल्या वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही.

मृत्युपत्र झाले म्हणून शाळा झाली नाही. व्यवस्था पाहणाऱ्याने दिरंगाई केली, वर्षे गेली. अखेर वस्तीतल्या मुक्त काळ्या गृहस्थांनी पाठपुरावा केला, १८४७ साली एक रीतसर संस्था स्थापन केली आणि १८४८ साली शाळा भरू लागली. पहिली मुख्याध्यापिका होती फेलिसी कायू ही काळी स्त्री. त्याच १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची खबर नव्हती. मात्र पंचवीस वर्षांनी, १८७३ साली, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. तो धागा इथे आठवल्याशिवाय राहत नाही. शाळा काढण्याची निकड दोन्हीकडे एकाच प्रकारच्या अनुभवातून आली होती.

शाळा कॅथलिक होती, पण तिचा कारभार काळ्या संचालकांच्या हाती होता. कारागीर, व्यापारी, लेखक अशी ही माणसे. त्यांतले काही चर्चच्या शिकवणुकीबाहेर विचार करणारेही होते. अनाथांना शिक्षण मोफत होते. ज्यांचे आईबाप होते त्यांच्याकडून थोडी फी घेत. शिक्षण फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन भाषांतून चाले. १८५२ पासून मुख्याध्यापक होते आर्माँ लानूस. हा माणूस कवी होता. १८४५ साली त्याने सतरा काळ्या कवींच्या फ्रेंच कवितांचा संग्रह ‘ले सेनेल’ या नावाने संपादित केला. अमेरिकेतल्या काळ्या कवींचा हा पहिला संग्रह मानला जातो. त्यात प्रेम आहे, मृत्यू आहे, विरह आहे; गुलामगिरीवर उघड शब्द नाही. तसा शब्द छापणे त्या राज्यात जिवावरचे होते. दलित साहित्याच्या वाचकाला ही कविता सौम्य वाटेल. पण ज्यांच्या लिहिण्यावरच संशय होता त्यांनी आपली नावे घालून पुस्तक छापावे, यातच एक विधान होते.

या शाळेतल्या मुलांच्या वह्या आजही अभिलेखागारात जपलेल्या आहेत. १८५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढल्या काही वर्षांतल्या या वह्या म्हणजे इंग्रजी निबंधाचा अभ्यास. मुलांना पत्रे लिहायला लावीत. पण पत्रे कुणाला? काल्पनिक व्यापाऱ्यांना, मित्रांना. मेक्सिकोत, हैतीत, फ्रान्समध्ये. बारा-चौदा वर्षांची मुले मालाचे भाव लिहीत, गलबतांच्या फेऱ्या लिहीत. हा देश सोडून हैतीला किंवा मेक्सिकोला जावे की काय, याची चर्चा करीत. ती वर्षेच तशी होती. मुक्त काळ्यांवरचे कायदे दर वर्षी आवळत चालले होते आणि मोठी माणसे घरी जे बोलत तेच मुले वहीत उतरवत.

मला या वह्यांत शाळेची खरी मूल्ये दिसतात. धर्मशिक्षणाच्या तासाला मुलाने आज्ञा पाठ केल्या असतील. पण इंग्रजीच्या तासाला त्याला असे गृहीत धरायला शिकवले गेले, की जगाच्या दुसऱ्या टोकाशी आपला व्यवहार होऊ शकतो, आपल्या सहीला किंमत आहे, आपण राहायचे कुठे हे आपण ठरवू शकतो. ज्या राज्यात त्याच्या रंगाच्या बहुसंख्य माणसांची किंमत बाजारात लिलावाने ठरत होती, तिथे हा धडा होता. माझ्या घरात माझ्याआधी पदवीपर्यंत कुणी गेलेले नव्हते. शाळेत मी पत्रलेखन शिकलो ते फी माफीच्या अर्जाने. ‘आपला आज्ञाधारक’ हे शब्द मला पत्त्याच्याही आधी पाठ झाले. म्हणून न्यू ऑर्लिन्सच्या त्या मुलांना पत्र कोणत्या मायन्याचे शिकवले गेले, याकडे माझे लक्ष आधी गेले.

या शिक्षणाचे फळ पुढल्या पिढीत दिसले. शाळेत दीर्घकाळ शिकवणारे पॉल त्रेव्हीन्य यादवी युद्धाच्या काळात काळ्यांच्या वृत्तपत्राचे संपादक झाले. १८६८ च्या राज्यघटनेने लुइझियानात वेगळ्या शाळांना बंदी केली आणि १८७१ ते १८७७ या थोड्या वर्षांत न्यू ऑर्लिन्समध्ये काळी-गोरी मुले काही सार्वजनिक शाळांत एकत्र बसली. १८७७ साली गोऱ्यांची सत्ता परत आली आणि शाळा पुन्हा वेगळ्या झाल्या. त्याविरुद्ध कोर्टात गेले ते हेच त्रेव्हीन्य. १८९० साली आगगाडीत वेगळे डबे करणारा कायदा झाला. तेव्हा १८९१ साली शहरात नागरिक समिती उभी राहिली. तिचे अनेक कार्यकर्ते या शाळेशी बांधलेले होते. तिचा प्रमुख लेखक रोडोल्फ देद्यून हा तिथलाच विद्यार्थी. समितीच्या वतीने ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी हा जोडे बनवणारा कारागीर गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला आणि अटक करवून घेतली.

तो खटला ते हरले. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत लिहिले आणि त्यात ‘कास्ट’ हा शब्द वापरला: या देशात जात नाही, असे त्यांचे म्हणणे. आपला शब्द तिथल्या कोर्टात असा पोचला होता. देद्यूनने पुढे १९११ साली आपल्या समाजाच्या माणसांचा इतिहास फ्रेंचमध्ये लिहून प्रसिद्ध केला. हरलेल्या लढ्याचा इतिहास हरलेल्यांनी स्वतः लिहावा, ही सवयही शाळेनेच लावली असणार.

आता दुसऱ्या शाळांकडे वळू. १८८४ साली बाल्टिमोरला अमेरिकेतल्या बिशपांची परिषद भरली. प्रत्येक चर्चने आपली प्राथमिक शाळा काढावी आणि कॅथलिक पालकांनी मुलांना तिथेच घालावे, असा तिचा आदेश होता. त्यातून चर्चला जोडलेल्या शाळांचे प्रचंड जाळे उभे राहिले. सकाळची प्रार्थना, प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण, नन शिक्षिका, गणवेश, पहिल्या कम्युनियनची पांढरी वस्त्रे असे त्यांचे दैनंदिन जीवन. आयरिश, इटालियन, पोलिश अशा गरीब कामगारांच्या मुलांना या शाळांनी आधार दिला, हे नाकारता येत नाही. प्रॉटेस्टंट बहुसंख्याकांच्या तिरस्कारात त्यांना तिथे आपले जग मिळाले. पण त्या जगाच्या दाराशी काळे मूल आले की दार वेगळेच दाखवले जाई.

न्यू ऑर्लिन्सच्या चर्चमध्ये काळे-गोरे पूर्वी एकाच छताखाली प्रार्थनेला बसत. काळ्यांना मागची बाके, एवढाच फरक. १८९५ साली आर्चबिशप यान्सेन्स यांनी काळ्यांसाठी सेंट कॅथरिन हे वेगळे चर्च सुरू केले. तुमचेच चर्च असेल, तुम्हाला तिथे मान मिळेल, असा युक्तिवाद होता. नागरिक समितीने कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे साधे होते: देवाच्या घरातच भिंत मान्य केली तर आगगाडीतली भिंत आम्ही कोणत्या तोंडाने पाडायची? चर्चने ऐकले नाही. पुढल्या दशकांत वेगळी चर्चे आणि वेगळ्या शाळा हाच नियम झाला. १९१५ च्या वादळात मारी कुव्हाँच्या शाळेची इमारत कोसळली. फिलाडेल्फियाच्या श्रीमंत बँकरची मुलगी कॅथरिन ड्रेक्सेल हिने १८९१ साली स्थापलेल्या नन-संघाच्या पैशाने ती पुन्हा उभी राहिली. मुले शिकत राहिली. पण शाळेचे नाव बदलले आणि कारभार वस्तीच्या हातून गेला. ड्रेक्सेल हिने आपला सारा वारसा काळ्या आणि आदिवासी मुलांच्या शिक्षणाला दिला, ही मोठी गोष्ट आहे. तरीही इमारत मिळाली आणि सूत्रे गेली, हेही इतिहासाने नोंदले पाहिजे.

यानंतरचा कालक्रम चर्चनेच लिहून ठेवला आहे. सेंट लुइस शहरात आर्चबिशप रिटर यांनी १९४७ साली कॅथलिक शाळांतला वर्णभेद संपवला. गोरे पालक कोर्टात जाण्याची तयारी करू लागले, तेव्हा त्यांनी बहिष्कृत करण्याचा इशारा दिला आणि विरोध काही आठवड्यांत मावळला. सार्वजनिक शाळांविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला तेव्हा अजून सात वर्षे होती. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप रमेल यांनी १९५६ साली वर्णभेद हे पाप आहे, असे जाहीर केले. पण शाळा उघडल्या १९६२ साली. पाप ठरल्यावर सहा वर्षे त्यांच्याच शाळांत ते पाप रोज सकाळी प्रार्थनेने सुरू होत होते. दरम्यान १९६० साली सहा वर्षांची रूबी ब्रिजेस त्याच शहरात सरकारी प्राथमिक शाळेत फेडरल मार्शलांच्या पहाऱ्यात जाऊन आली होती.

१९६२ च्या एप्रिलमध्ये आर्चबिशपांनी उघड विरोध करणाऱ्या तिघांना बहिष्कृत केले. त्यांत लिअँडर पेरेझ हा बडा राजकारणी होता. पेरेझच्या भागातल्या ब्युरास गावी पाच काळी मुले कॅथलिक शाळेत आली आणि गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्या शाळेत स्फोट घडवण्यात आला. हे करणारे नास्तिक नव्हते. ते त्याच शाळांत धर्मशिक्षण घेऊन मोठे झालेले श्रद्धावान लोक होते. शेजाऱ्यावर प्रेम करा, हे त्यांना पाठ होते. शेजारी कोण, हे मात्र त्यांना शाळेच्या जनरल रजिस्टरने शिकवले होते.

माझे म्हणणे इथे येऊन पोचते. शाळेची मूल्ये प्रार्थनेत शोधू नयेत. प्रवेशाच्या नोंदवहीत आणि संचालकांच्या यादीत शोधावीत. मूल पाठ केलेले विसरते, पण शेजारी कोण बसले होते आणि कोण बसले नव्हते, हे विसरत नाही. भारतातल्या कॅथलिक चर्चलाही हे अखेर मान्य करावे लागले. २०१६ साली बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते, हे त्यात कबूल केले. कबुली हा आरंभ आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये कबुली आणि कृती यांत सहा वर्षे गेली, हे आपण विसरू नये.

मारी कुव्हाँला देव्हाऱ्यात बसवण्याचीही गरज नाही. स्वतः गुलामगिरी भोगलेल्या या बाईने मुक्त झाल्यावर गुलाम बाळगले होते. म्हणून १९९० च्या दशकात शहरातल्या तिच्या नावाच्या सरकारी शाळेचे नाव बदलून ए. पी. तुरो या काळ्या वकिलाचे देण्यात आले. तेही योग्यच झाले. अन्यायाची व्यवस्था पीडितालाही आपले पाप वाटून देते. आपल्याकडची उतरंड याहून वेगळी नाही. पण मरताना तिने जे ठेवले ते पुढच्या माणसांनी तिच्याहून मोठे केले. तिने दानधर्माची शाळा मागितली होती. वस्तीने ती नागरिकांची शाळा केली.

शिक्षक म्हणून, कार्यकर्ते म्हणून आपल्यापुढे रोज शाळांच्या जाहिराती येतात. मूल्यशिक्षण, संस्कार, शिस्त हे शब्द त्यांत ठळक असतात. तिथे आपण तीनच प्रश्न विचारावेत. या शाळेत कुणाचे मूल नाही? तिचा कारभार कुणाच्या हाती आहे? आणि तिथल्या मुलाला पत्र लिहायला शिकवतात ते अर्जदाराचे की नागरिकाचे? उत्तरे मिळाली तर मूल्ये आपोआप कळतील. मिळाली नाहीत तर वस्तीने स्वतः शाळा काढायला हवी. पैसा नसेल, मारी कुव्हाँच्या वस्तीकडेही एका बाईची जमीन, दोन-चार घरे आणि अकरा वर्षांचा चिवटपणा, एवढेच होते.