मराठी बालसाहित्यातील सांगणाऱ्याची जागा

मराठी बालसाहित्याचा इतिहास बहुधा पुस्तकांच्या आणि मासिकांच्या नामावळीतून सांगितला जातो, आणि नीतिकथेकडून परीकथेकडे, तेथून साहसकथेकडे वाटचाल कशी झाली, यावर त्या मांडणीचा भर असतो. ही मांडणी चुकीची नाही, पण अपुरी आहे. कारण राजा, राक्षस, बोलणारे प्राणी आणि दूरचे प्रवास हे विषय मोठ्यांच्या वाङ्मयातही मुबलक आढळतात. बालसाहित्य वेगळे ठरते ते त्याच्या व्यवहारामुळे: ते लिहितो प्रौढ, छापतो प्रौढ, विकत आणतो प्रौढ, आणि वाचते मात्र मूल. म्हणून लेखक मुलाच्या संदर्भात कोठे उभा राहून बोलतो, हा प्रश्न येथे इतर कोणत्याही साहित्यप्रकारापेक्षा अधिक निर्णायक होतो.

छापखाना येण्यापूर्वी ही जागा ठरलेली होती. आजी, आत्या किंवा थोरली बहीण मुलाला जवळ घेऊन गोष्ट सांगे, आणि ती ऐकणारे मूल तिच्या घडणीत भाग घेई. चिमणी-कावळ्याची सर्वपरिचित कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा मेणाच्या घरातील चिमणीचे दार ठोठावतो, आणि ती दर वेळी बाळाचे एखादे काम पुढे करून त्याला बाहेर थांबवते. बाळाला न्हाऊ घालणे, अंग पुसणे, काजळ घालणे, तीट लावणे ही कामे ऐकणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या सकाळची असल्यामुळे सांगणारी क्षणभर थांबली, की पुढचे काम मूलच सांगते, आणि तिने क्रम चुकवला तर तिला हटकतेही. कथेचा शेवट घरोघरी निराळा असतो, परंतु त्यातून काय घ्यावे हे बहुधा कोणी समजावून सांगत नाही.

छपाईने सांगणाऱ्याला उठवून उंच बैठकीवर नेले. तंजावरचे सरफोजी राजे यांच्या छापखान्यात १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या कथांचे मराठी भाषांतर निघाले, आणि मराठीतील पहिल्या छापील बालपुस्तकाचा मान त्याला दिला जातो. मुंबई इलाख्यात पेशवाईच्या अस्तानंतर नव्या शाळा निघू लागल्या तेव्हा वाचनाच्या पुस्तकांची निकड निर्माण झाली, कारण जुन्या पंतोजींच्या शाळेचा कारभार धूळपाटी, मोडीचा सराव आणि तोंडपाठ पाढे यांवरच चालत असे. ही निकड भागवण्यासाठी सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘इसपनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही भाषांतरे सिद्ध केली. ‘बाळमित्र’चे मूळ आर्नो बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या ग्रंथात होते आणि ते इंग्रजीच्या वाटेने मराठीत आले. बेर्कँने हे लेखन १७८२-८३ मध्ये मासिक पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केले होते आणि त्यात अद्भुताला फाटा देऊन घरगुती प्रसंगांतून सद्वर्तन शिकवण्यावर भर दिला होता.

या काळातील पुस्तकांची खूण म्हणजे तात्पर्य, अर्थात कथेच्या शेवटी स्वतंत्रपणे दिलेला बोध. पंचतंत्रातही राजपुत्रांना शहाणे करण्याचा हेतू उघडपणे सांगितलेला आहे, त्यामुळे बोधाची परंपरा परकी म्हणता येणार नाही. मात्र शालेय पुस्तकात तात्पर्य हे परीक्षेत विचारता येण्याजोगे उत्तर बनले, आणि कथा त्या उत्तराकडे नेणारी पायरी ठरली. छत्रे यांचे गद्य सुबोध आहे आणि मराठी गद्याच्या घडणीतील त्यांचे स्थान वादातीत आहे, तरीही त्यांच्या पुस्तकातला सांगणारा हा शिक्षकच होता.

विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले आणि १९१४ मध्ये निधन होईपर्यंत ते चालवले. एका माणसाने सुमारे ३३ वर्षांत ४००हून अधिक अंक काढावेत, आणि त्यांतील बहुतांश मजकूर स्वतःच लिहावा, ही गोष्ट आज विश्वास बसू नये इतकी विलक्षण वाटते. अंकाचा साचा ठरलेला होता: एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय आणि काही किरकोळ माहिती. ओक शिक्षणखात्यातले असल्यामुळे त्यांचा सूरही गुरुजींचाच राहिला, परंतु त्यांनी दोन गोष्टी बदलल्या. एक तर वाक्ये आखूड आणि शब्द घरातले ठेवले. दुसरे म्हणजे मासिकाच्या रूपामुळे पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक घडवला. वर्गात नेमलेले पुस्तक मुलाला वाचावेच लागते, पण मासिक कंटाळवाणे झाले तर ते न उघडता बाजूला टाकता येते, आणि संपादकाला हे सतत ध्यानात ठेवावे लागते. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये पुण्यात काढलेल्या ‘आनंद’ मासिकाने हा धडा अधिक मोकळेपणाने गिरवला, आणि त्यांच्यानंतर गोपीनाथ तळवलकर यांनी ते दीर्घकाळ सांभाळले.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने सांगणाऱ्याची जुनी, अंथरुणाजवळची जागा छापील पुस्तकात परत आणली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलेल्या आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचे भाग प्रकरणांत न मोडता रात्रींत मोडले आहेत, कारण श्याम आपल्या सोबत्यांना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. उपदेश येथेही भरपूर आहे, किंबहुना आजच्या वाचकाला तो जड वाटावा इतका आहे. पण तो देणारा माणूस स्वतःच्या लहानपणीच्या चुका सांगत असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या बरोबरीला येऊन बसतो. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आणि भा. रा. भागवतांचा सायकलवरून भरधाव जाणारा ‘फास्टर फेणे’ यांनी पुढे मुलालाच कथेचा कर्ता केले, आणि प्रौढ माणसे बऱ्याच अंशी पार्श्वभूमीला गेली.

कवितेत हा बदल सर्वांत धीटपणे केला तो विंदा करंदीकरांनी. ‘स्वेदगंगा’चा हा सामाजिक जाणिवेचा कवी १९६१ मध्ये ‘राणीची बाग’ हा संग्रह घेऊन मुलांकडे वळला, आणि दोनच वर्षांनी आलेल्या ‘एटू लोकांचा देश’मध्ये त्याने व्यवहाराचे सगळे नियम उलटेपालटे करून ठेवले. याची मुळे बडबडगीतात सापडतात. अर्थापेक्षा ताल आणि यमक यांवर चालणारी, लहान मुलाला खेळवताना म्हटली जाणारी रचना म्हणजे बडबडगीत. विंदांनी त्या तालात विसंगतीची स्वतंत्र तर्कसंगती बसवली, जिच्यात एकदा एक विचित्र नियम मान्य केला, की पुढचे सारे त्या नियमाला धरूनच घडते. मुलांचा खेळ नेमका असाच चालतो. त्यामुळे या कवितेत बोध शोधू पाहणाऱ्या समीक्षकाच्या हाती फारसे काही लागत नाही, आणि ते ठीकच आहे.

१९७१ च्या नोव्हेंबरात ‘बालभारती’ने सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकामुळे चांगले लेखक आणि चांगले चित्रकार सरकारी आश्रयाखाली एकत्र आले, आणि पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या संस्थेनेच अभ्यासाबाहेरचे वाचन पुरवण्याचा काहीसा अनपेक्षित योग जुळला. तथापि या साऱ्या प्रवासातील कल्पित वाचक दीर्घकाळ शहरी किंवा निमशहरी, पांढरपेशा घरातला राहिला, हे नोंदवणे आवश्यक आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा त्या मुलांच्या भाषेत आणि अनुभवात बसणारे छापील वाङ्मय जवळपास नव्हतेच, आणि गाणी, गोष्टी व साधने स्थानिक जीवनातून उभी करावी लागली.

अलीकडच्या काळात माधुरी पुरंदरे यांच्या कामात सांगणाऱ्याची जागा पुन्हा एकदा बदललेली दिसते. लेखिकाच चित्रकार असल्यामुळे त्यांच्या चित्रपुस्तकांत मजकूर पुष्कळदा कमी बोलतो आणि उरलेले मुलाने चित्रात शोधायचे असते. त्यांनीच संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’ या संचात मात्र उलट दिशेचा प्रयोग आहे: मुळात मोठ्यांसाठी लिहिलेल्या मराठी साहित्यातील उतारे निवडून, चित्रांच्या सोबतीने, फारसे सोपे न करता मुलांसमोर ठेवलेले आहेत, आणि कठीण शब्दांशी झटापट करण्याचे काम वाचणाऱ्या मुलावरच सोपवलेले आहे.