भीती नेमकी कोणत्या गोळीची?

चिंताविकारासाठी एस्सिटॅलोप्रॅम लिहून दिली की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘सवय तर लागणार नाही ना?’ प्रश्न रास्त आहे, फक्त बहुतेकदा तो भलत्याच औषधाला विचारला जातो. हातातली स्ट्रिप उलटून मागचा बारीक मजकूर वाचा. आपल्याकडे पुष्कळदा एकाच गोळीत एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम असतात.

या दोघांचे गुणधर्म अगदी वेगळे. क्लोनाझेपाम तासाभरात धडधड शांत करते, म्हणूनच तिची ओढ लागते. काही आठवड्यांत तेवढ्याच मात्रेने भागेनासे होऊ शकते आणि दीर्घकाळ घेऊन एकदम थांबवली तर फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. एस्सिटॅलोप्रॅमची तशी तलफ लागत नाही. मात्र तीही अचानक तोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्याचा भास असे त्रास होऊ शकतात. हे व्यसन नव्हे. पण ‘सोडताना काहीच होत नाही’ असे रुग्णाला सांगणे अप्रामाणिकपणाचे आहे. डोस हळूहळू उतरवावा लागतो, आणि जोडगोळीत एक घटक तसाच ठेवून दुसरा कमी करता येत नाही. म्हणून डॉक्टरांकडे सुट्या गोळ्यांबद्दल जरूर विचारावे.

दुसरी तक्रार, ‘गोळीने उलट वाढलं.’ यात तथ्य आहे. एस्सिटॅलोप्रॅममुळे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाचे पुनर्शोषण काही तासांत अडते, पण चिंता उतरायला दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, जुलाब, उडालेली झोप, वाढलेली बेचैनी हे सारे पहिल्या पंधरवड्यातच. त्रास आधी, गुण नंतर. म्हणून बरेच जण नेमके याच काळात औषध सोडतात. ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात केली तर हा काळ सुसह्य होतो. कामेच्छा घटणे मात्र आपोआप ओसरेलच असे नाही, आणि संकोचापायी ते कोणी बोलत नाही.

तरुणांच्या बाबतीत काळजी खरी आहे. नैराश्यविरोधी औषधांच्या मुलांवरील चाचण्यांत आत्महत्येचे विचार वा वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के, तर निव्वळ खोटी गोळी घेणाऱ्यांत २ टक्के आढळले. प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. अमेरिकेच्या एफडीएने २००४ साली याबद्दल ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षे वयापर्यंत वाढवला. पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवायचे ते यासाठी.

रुग्णाला पूर्वी कधी झोपेविना दिवसचे दिवस उत्साहाचे उधाण आले असेल, किंवा घरात कोणाला द्विध्रुवी विकार असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे; अशा रुग्णात हीच गोळी उन्माद चेतवू शकते.